जो खटला उभाच राहिला नाही

“टीचर, त्या बदलापूरच्या केसचं पुढे काय झालं?” हा प्रश्न आम्हाला अजूनही विचारला जातो. शाळेच्या फाटकाशी, रिक्षाच्या रांगेत, कुणाच्या निकाहच्या जेवणात. विचारणारी बहुतेक वेळा लहान मुलीची आई असते, आणि आमच्या उत्तराआधी तिचे स्वतःचे उत्तर तयार असते: “त्याला तर मारला ना, मग झालं की.”

झालं का? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे म्हटली तर तीन, म्हटली तर एकाच लोकलच्या डब्यात बसणारी एक वस्ती. घर एकीकडे, शाळा दुसरीकडे, सासर तिसरीकडे. बदलापुरात जे घडले ते आमच्या अंगणातच घडले. म्हणून त्याबद्दल इथे सविस्तर लिहितो आहोत. घटना सर्वांना माहीत आहे. तिचा कोर्टाचा भाग मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर त्यांच्याच शाळेत अत्याचार झाल्याची तक्रार आली. पालक पोलीस ठाण्यात गेले आणि तिथे त्यांना कित्येक तास बसवून ठेवले गेले. गुन्हा १६ ऑगस्टला नोंदला गेला, शाळेत सफाईचे काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणाला अटक झाली. २० तारखेला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या बंद होत्या. घोषणा एकच होती, फाशी द्या, आत्ता द्या. त्या दिवशी रागावणाऱ्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. तक्रार घ्यायलाच जिथे तासन्तास लागतात, तिथे माणूस न्यायालयाच्या पायरीपर्यंत कुठल्या भरवशावर जाणार? तीन पोलिसांना निलंबित केले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दुसऱ्या मुलीचा जबाब नोंदवायला लागलेल्या उशिराबद्दल पोलिसांना चांगलेच फैलावर घेतले.

मग २३ सप्टेंबरला, तळोजा तुरुंगातून दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी नेत असताना, मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो आरोपी गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे. त्यानंतर बॅनर लागले, ‘बदला पुरा’. गावाच्या नावावरची कोटी. पेढेही वाटले गेले.

आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा आहे. तो शिकवताना एका मुलाने विचारले, “मिस, कोर्टाने त्याला कधी दोषी ठरवलं?” वर्गातल्या निम्म्या मुलांना हा प्रश्नच विचित्र वाटला. उत्तर असे की कधीच नाही. खटला उभाच राहिला नाही. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. तो गुन्हेगार होता असे न्यायालयाने म्हटलेले नाही, निर्दोष होता असेही म्हटलेले नाही. आता कधी म्हणणारही नाही.

उभा राहिला असता तर कसा चालला असता, हे पालकांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. कारण उद्या, अल्लाह न करो, आपल्या घरावर वेळ आली तर याच वाटेने जायचे आहे. पहिली पायरी एफआयआर. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यात स्पष्ट आहे की गुन्हा आपल्या हद्दीतला नाही म्हणून पोलीस हात झटकू शकत नाहीत. अटक झाली की चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हा संहितेचाच नव्हे, राज्यघटनेचा हुकूम आहे. पुढे पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र. ते वेळेत आले नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. “सुटला कसा?” म्हणून आपण कोर्टाला बोल लावतो तेव्हा पुष्कळदा उशीर तपासाचा असतो.

मूल पीडित असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो आणि खटला विशेष न्यायालयात जातो. या कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येक आईला तोंडपाठ हव्यात. मुलाचा जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा. मुलाला रात्री ठाण्यात थांबवू नये. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही याची व्यवस्था करावी लागते. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश ते मुलाला कळेल अशा भाषेत विचारतात. कोर्टाचे दार बंद असते. मुलाचे नाव, पत्ता, शाळा छापायची नाही. व्हॉट्सॲपवर ‘दुआ करा’ म्हणून फोटो फिरवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. आणि आम्हा शिक्षकांसाठी एक कलम: अशी घटना कळूनही जो पोलिसांना कळवत नाही तो स्वतः गुन्हेगार ठरतो. बदलापूर प्रकरणात शाळेशी संबंधित व्यक्तींवरही याच कारणाने गुन्हा नोंदला गेला.

हे पुस्तकातले झाले. प्रत्यक्षात आम्ही कोर्ट पाहिले ते एका रजिस्टरमुळे.

शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, दाखल्याची तारीख. मुलगी अठरा वर्षांखालची आहे की नाही यावर पॉक्सोचा अख्खा खटला उभा असतो, आणि वयाचा पुरावा म्हणून कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला नाहीतर दहावीचे प्रमाणपत्र पाहतो, मग नगरपालिकेचा जन्मदाखला. म्हणून रजिस्टर आणि ते ओळखणारा शिक्षक, दोघांना समन्स येते. आम्हाला आले. कल्याणच्या न्यायालयात रजिस्टर पिशवीत घालून गेलो. पहिल्या तारखेला आरोपीच तुरुंगातून आणला गेला नव्हता, दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या वेळी दुपारी पुकारा झाला.

बाहेरच्या बाकावर बसून जे दिसते ते कुठल्याही पुस्तकात नाही. एका दोरीने बांधलेले दोन आरोपी, त्यांच्यापैकी एकाची आई डबा घेऊन आलेली, पोलीस शिपाई तिला “लांबून बोला” म्हणून सांगतो आणि मग स्वतःच तोंड दुसरीकडे फिरवतो. मुद्देमालाची लाख लावलेली पाकिटे कवटाळून बसलेला हवालदार. पंच म्हणून सही केलेला भाजीवाला, ज्याला काय पंचनामा झाला होता ते आता आठवत नाही आणि ज्याचा त्या दिवसाचा धंदा बुडाला आहे. असे साक्षीदार फितूर होतात तेव्हा दर वेळी पैसे खाल्लेले असतात असे नाही. काही नुसते कंटाळलेले असतात.

आत सरकारी वकिलांनी सरतपास घेतला: हे रजिस्टर तुमच्या शाळेचे का, ही नोंद आहे का. पाच मिनिटांचे काम. मग बचाव पक्षाचे वकील उठले. मृदू आवाज, चेहऱ्यावर हसू. “मॅडम, मुलीची जन्मतारीख १ जून लिहिली आहे. याच पानावर आणखी किती मुलांची १ जून आहे, जरा मोजून सांगाल का?”

आम्ही मोजले. अकरा.

वाचकांपैकी ज्यांची स्वतःची जन्मतारीख कागदावर १ जून आहे त्यांना हसू येईल. आपल्या लोकांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मूल शाळेत घालायला नाना किंवा मामू येतात, “रमजानच्या आधी झाली होती” एवढे सांगतात, आणि गुरुजी जूनमध्ये सहा पुरी व्हावीत अशा बेताने १ जून टाकून मोकळे होतात. वाण्याचे पोर असो की विणकराचे, शाळेने सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी लावून दिलेला. ती नोंद आमच्या आधीच्या, केव्हाच निवृत्त झालेल्या गुरुजींच्या हातची. “ही तारीख कोणत्या कागदावरून घेतली?” नोंद नाही. “तुमच्यासमोर लिहिली?” नाही. न्यायाधीशांनी दोन्ही उत्तरे शांतपणे टंकलेखकाला सांगितली. आम्ही खाली उतरलो.

त्या वकिलांचा आम्हाला त्या दिवशी राग आला होता. एका मुलीच्या बाजूने आपण आलो आणि हे गृहस्थ १ जून मोजायला लावतात! घरी येताना, कल्याण ते अंबरनाथच्या गर्दीत, यावर आमचे आपसांत बरेच बोलणे झाले. एक जण म्हणाले, त्याने विचारले नसते आणि मुलगी खरेच एकोणीसची असती तर? एखाद्या पोराची दहा वर्षे एका गुरुजीच्या अंदाजावर गेली असती. प्रश्न अवघड होता म्हणूनच विचारायला हवा होता. उत्तर देणारी आमची वही कच्ची होती.

आमच्या नात्यातले एक कुटुंब अमेरिकेत, न्यू जर्सीत आहे. नागरिकत्व मिळाल्यावर भाचेजावयांना पहिले सरकारी पत्र आले ते ज्यूरीत बसण्याचे. तिथे फौजदारी गुन्ह्यात दोषी की निर्दोष हे ठरवायला रस्त्यावरचे बारा लोक बसतात: ड्रायव्हर, नर्स, दुकानदार. कायदा काय आहे ते न्यायाधीश समजावून सांगतात, खरे काय घडले ते बारा जण ठरवतात. गंभीर गुन्ह्यात बाराही जणांचे एकमत लागते. एक-दोन राज्यांत आधी तसे नव्हते, २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सगळीकडे ते सक्तीचे केले. भाचेजावई फोनवर म्हणाले, “मामी, बसण्याआधी विचारतात, या केसबद्दल काही ऐकलंय का, मत बनवलंय का? बनवलं असेल तर घरी पाठवतात.” बदलापूरच्या रुळांवर हा प्रश्न विचारला असता तर किती जण उरले असते?

ज्यूरी आपल्याकडेही होती. १९५९ साली नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळी घातली, तो मुंबईचा खटला ज्यूरीपुढे चालला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींना हिरो केले होते, रस्त्यात त्यांच्या बाजूने गर्दी होत होती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जन्मठेप झाली, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे ज्यूरी आपल्या देशातून हद्दपार झाली. गर्दीचे मत कोर्टात शिरले तर काय होते, ते मुंबईने तेव्हा पाहिले होते. अमेरिकेचेही सगळे गोड नाही. तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्हेगारी निकाल ज्यूरीपर्यंत जातच नाहीत, आरोपी कमी शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करून मोकळा होतो. त्यात किती निर्दोष घाबरून कबूल करतात हा तिथल्या लोकांचाच जुना वाद आहे.

पण तिथली एक गोष्ट आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. क्लॅरन्स गिडियन नावाचा एक कफल्लक माणूस, फ्लोरिडात १९६१ साली चोरीच्या आरोपात पकडला गेला. “मला वकील द्या” म्हणाला, कोर्टाने दिला नाही. पाच वर्षांची शिक्षा. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये निकाल लागला: गरीब आरोपीला सरकारने वकील द्यायलाच हवा. खटला पुन्हा चालला, या वेळी वकील होता, आणि गिडियन निर्दोष सुटला. आपल्याकडे हेच काम १९७९ मध्ये ज्या प्रकरणाने केले त्याचे नाव हुसैनआरा खातून. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे सडणाऱ्या कैद्यांचे ते प्रकरण. मोफत वकील आणि लवकर खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हे नाव आमच्या मुलींना माहीत नाही, आम्ही सांगतो.

घृणास्पद गुन्हा घडला की कुठली तरी वकील संघटना ठराव करते, याचे वकीलपत्र कुणी घ्यायचे नाही. टाळ्या पडतात. असे ठराव बेकायदा आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. त्या निकालाचे नाव ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य. (नाव ऐकून वर्गात कोणीतरी गुणगुणायला लागतोच.)

आता जे लिहायचे ते लिहिताना हात जड होतो. चकमकीनंतर त्या आरोपीच्या आईवडिलांनी देह जाळायचा नाही, पुरायचा असे ठरवले. ते हिंदू कुटुंब. कारण असे की पुढे कधी शवविच्छेदन पुन्हा करावे लागले तर पुरावा राहावा. जागा मिळेना. अंबरनाथमध्ये विरोध, बदलापुरात विरोध. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने सरकारला जागा शोधायला सांगितले. अखेर २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत खड्डा खणला, तर लोकांनी तो बुजवून टाकला. पोलीस बंदोबस्तात पुन्हा खणून दफन झाले. आपल्याकडे दफन म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. मय्यत वाटेने जाताना दिसली की अनोळखी माणूसही चार पावले खांदा देतो. तीन गावांत मिळून एका मेलेल्या माणसाला साडेतीन हात जमीन मिळेना, आणि हे त्याच्यावरचा आरोप शाबीत झालेला नसताना.

काही भाईजान म्हणतात, “आपल्याला काय करायचंय, तो आपला नव्हता.” आम्हाला वाटते, हे आपणच म्हणू नये. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १८० हून जास्त माणसे गेली. ते दुःख आजही ताजे आहे. त्या खटल्यात तेरा मुस्लिम तरुण उभे होते. पहिल्या दिवसापासून वर्तमानपत्रांत ते अतिरेकी होते, आरोपी नव्हते. त्यांतले एक, अब्दुल वाहिद शेख, शाळेतले शिक्षक. नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये, विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि बाकीच्या बारांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडले. सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात सपशेल अपयशी ठरला, शंभराहून जास्त दिवसांनी चेहरे ओळखणाऱ्या साक्षीदारांवर विश्वास ठेवता येत नाही, असे न्यायाधीशांनी लिहिले. एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही. त्या बाराजणांना २००६ च्या एखाद्या रात्री गाडीतून नेताना ‘चकमक’ झाली असती, तर तेव्हाही पेढे वाटले गेले असते.

सूरह माइदामध्ये एखाद्या समूहाबद्दलचा राग तुम्हाला इन्साफपासून ढळवू नये असा हुकूम आहे, आणि सूरह निसामध्ये स्वतःच्या, आईबापांच्या विरुद्ध जात असली तरी खरी गवाही देण्याचा. हे जुम्म्याच्या खुतब्यात ऐकून मान डोलावणे सोपे आहे. आरोपी आपला नसताना, गुन्हा लहान मुलींवरचा असताना, ते लागू करायचे म्हणजे काय, ते या प्रकरणाने आम्हाला विचारले.

कोर्टांवर लोकांचा विश्वास का नाही, याचे उत्तरही याच गावांत आहे. उल्हासनगरात १९९० साली इंदर भटिजा यांचा खून झाला. त्यात माजी आमदार पप्पू कलानी यांना कल्याणच्या न्यायालयाने जन्मठेप दिली २०१३ मध्ये. तेवीस वर्षे! तेवढ्यात साक्षीदार म्हातारे होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकांच्या खोलीत गोळीबार झाला आणि त्या प्रकरणी तेव्हाच्या एका आमदाराला अटक झाली. लोकांनी हे पाहिले आहे. तेव्हा “कोर्टावर भरवसा ठेवा” एवढेच सांगून आम्ही फाटकातल्या त्या आईला गप्प करू शकत नाही, करू पाहतही नाही. तिला आम्ही पुढचे सांगतो.

पुढचे असे. पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी असा कायदा आहे. ती झाली. २० जानेवारी २०२५ ला अहवाल उच्च न्यायालयापुढे आला: त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार आहेत, पिस्तुलावर त्या आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत. फेब्रुवारीत त्याच्या आईवडिलांनीच न्यायालयाला सांगितले की आम्हाला खटला चालवायचा नाही, ही धावपळ आता सोसत नाही. न्यायालयाने तरीही प्रकरण बंद केले नाही, मदतीला एक ज्येष्ठ वकील नेमले आणि ७ एप्रिलला त्या पाच पोलिसांवर गुन्हा नोंदवून विशेष पथकाने तपास करावा असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या पाच पोलिसांनाही अर्थात वकील मिळेल, उलटतपासाचा हक्क मिळेल, आणि मिळालाच पाहिजे.

आणि त्या दोन मुली? त्यांच्यासाठी दार बंद करून, आरोपी नजरेआड ठेवून, न्यायाधीशांनी हळू आवाजात प्रश्न विचारायचे होते. कायद्याने ही सगळी तयारी केली होती. त्या मोठ्या होतील तेव्हा त्यांना कुणी न्यायालयाचा निकाल दाखवू शकणार नाही. दाखवायला एक बॅनर आहे.

आम्ही फाटकाशी हे सगळे सांगतो तेव्हा निम्म्या आया घड्याळ पाहतात, त्यात त्यांचा दोष नाही, पाचची बदलापूर गाडी गाठायची असते. म्हणून दोन नंबर चिठ्ठीवर लिहून देतो. मुलांसाठी १०९८. मोफत वकिलासाठी १५१००, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची माणसे तिथे मिळतात. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट नाही. तक्रार घ्यायला ठाण्यात टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, पावती जपून ठेवा.

आणि जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की कोणी नाना टेबलासमोर बसून म्हणतात, “टीचर, १ जून टाका ना, सगळ्यांची तीच आहे.” आम्ही पेन खाली ठेवतो आणि नगरपालिकेचा जन्मदाखला आणायला परत पाठवतो. नाना कुरकुरतात. दोन दिवसांनी दाखला घेऊन येतात, त्यावर १४ फेब्रुवारी असते, आणि पोरगी हरखून विचारते, “म्हणजे माझा वाढदिवस वेगळा आहे?”